आखरावरचा मान

त्या रचनेच्या शेवटच्या भागात बासरीवाल्याला तुडवायचे असते. किर्स्टन नावाच्या डॅनिश बाईने ती तशीच लिहिली होती. अख्ख्या वाद्यवृंदापुढे एकटा टेकचंद नेवारे बसतो, हातात खर्जाची लांब बासरी. आधी तो एक साधी चाल वाजवतो, गुरे चरून परतताना गुराखी वाजवतो तशी. मग मागून ढोल सुरू होतात. मोठ्या तंतुवाद्यांवरचे लोक गजाच्या लाकडाने तारांवर मारू लागतात. पितळी वाद्यांतून सूर येत नाही, धाप येते. शेवटी सगळे वादक बसल्या जागी लाकडी मंचावर पाय आपटतात आणि बासरी त्या आवाजाखाली जाते. ती कोणाला ऐकू येत नाही, तरी थांबायचे नसते. आणि अगदी शेवटी बासरीवाल्याने एक किंकाळी काढायची. ओठ भोकावर दाबायचा, घशातून ओरडत फुंकायचे, म्हणजे एकाच बांबूतून तीन-चार सूर एकमेकांना फाडत बाहेर येतात.

परदेशातल्या पहिल्याच प्रयोगात त्या किंकाळीला टेकचंदचा खालचा ओठ फाटला. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त पडले. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात रक्तासकट फोटो आला, आणि त्यानंतर ही रचना जिथे वाजली तिथे लोक त्याच्या ओठाकडे पाहत बसले. त्याला ते कळत होते. एक-दोन वेळा ओठ फाटला नाही तेव्हा टाळ्या जरा कमी झाल्या, हेही त्याला कळले होते.

रचनेचे नाव 'खुर'. तिची गोष्ट टेकचंदनेच किर्स्टनला सांगितली होती. माझे वडील दर दिवाळीला गाईंच्या पायांखाली झोपतात, असे तो जेवताना सहज बोलून गेला, आणि ती काटा-चमचा खाली ठेवून ऐकत राहिली.

गोष्ट खरी होती. गोंदिया जिल्ह्यात, चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्यांचे गाव. तिथे दिवाळीच्या पाडव्याला गाईंना खिचडी चारतात, शिंगे रंगवतात, पळसाच्या मुळांचा वाक, म्हणजे धागा, काढून विणलेले मोरपिसांचे पट्टे गळ्यात बांधतात. गावची गुरे चारणारे गोवारी ढाली, म्हणजे सजवलेले उंच बांबू, घेऊन नाचतात. मग आखरावरून, म्हणजे गावची गुरे रोज सकाळी जिथे जमतात त्या मोकळ्या जागेवरून, सगळा कळप गल्लीत सोडतात. गल्लीच्या तोंडाशी एक गोवारी पालथा झोपलेला असतो. कळप त्याच्या अंगावरून जातो. तो उठून उभा राहिला की वर्ष चांगले जाणार असे मानतात. झोपायचा मान नेवाऱ्यांच्या घराचा. टेकचंदच्या वडिलांचा, केशोरावचा, आजा झोपला, बाप झोपला, मग केशोराव झोपू लागला. वर्षभर ज्याने गाई चारल्या त्याचा वास गाईंना माहीत असतो, आणि मागून कोणी संथ बासरी वाजवत राहिले की त्यांची चाल बिघडत नाही. एवढेच त्यातले शास्त्र.

"ढोर पाय पाहून ठेवते," केशोराव म्हणायचा. "माणूस नाई पाहत."

हे तो उगाच म्हणत नव्हता. त्याची बायको शामकला १९९४ साली गोवाऱ्यांच्या मोर्चाबरोबर नागपूरला गेली आणि तिथल्या चेंगराचेंगरीत मेली. शंभरावर माणसे मेली त्या दिवशी. प्रेत घरी आले तेव्हा तिच्या पाठीवर चपलांचे ठसे होते. त्यानंतर केशोराव कधी गर्दीत गेला नाही. गाईंखाली मात्र दरवर्षी गेला.

टेकचंदला बासरी त्यानेच शिकवली, काठीने. पोराने कळपामागून वाजवत चालायचे आणि बापाने पोरामागून. गाई घाईने चालू लागल्या की पोटरीवर काठी बसायची. उभ्या राहिल्या की पाठीवर. "गाय चालते तेवढंच वाजव. तिले नाचवू नको." पण टेकचंदची बोटे तेवढ्यावर थांबत नव्हती. १९९९च्या दिवाळीत, मंडईच्या जत्रेत, तो एका दंडारीच्या, म्हणजे नाचगाण्याच्या खेळाच्या, मंचावर चढला आणि त्याने अशी भरधाव बासरी वाजवली की नाचणारे नाचायचे थांबून ऐकू लागले. केशोराव गर्दीत जात नसे, तो त्या दिवशी गर्दी फोडत मंचावर आला. त्याने पोराला केसांना धरून खाली ओढले आणि त्याच्याच बासरीने मारले. बासरी फुटली तरी मारत राहिला. बांबूची एक चीप गालात घुसली, ती नंतर आत्याने चिमट्याने काढली.

दुसऱ्या दिवशी टेकचंद गोंदियाला जाऊन मिळेल त्या गाडीत बसला.

पुढचे सगळे भराभर झाले असे लोक समजतात, पण तसे झाले नसावे. भोपाळला एका गुरूंच्या घरी त्याने बरीच वर्षे पाणी भरले आणि रियाझ केला. तिथून दिल्ली. तिथे परदेशी संगीतकारांच्या एका शिबिरात कोणीतरी त्याला विचारले, बासरीतून घोड्यासारखे फुरफुरता येईल का. त्याने फुरफुरून दाखवले. बोटे भोकांवर आपटून ताल काढला, गात गात फुंकले, जीभ भोकात मारून बंदुकीसारखा आवाज काढला. शुद्ध रागसंगीतवाल्यांनी नाके मुरडली, पण नव्या रचना लिहिणाऱ्यांना असाच माणूस हवा होता. पाच-सात वर्षांत चार जणांनी बासरी आणि वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना खास त्याच्यासाठी लिहिल्या. त्या दुसऱ्या कोणाला वाजवता येत नव्हत्या. 'खुर' त्यांतली शेवटची आणि सगळ्यांत गाजलेली. २०१०च्या नोव्हेंबरअखेर तिचे ध्वनिमुद्रण ठरले होते.

ऑक्टोबरात आत्याचा फोन आला. पुष्पाबाई केशोरावची विधवा बहीण, त्याच्याच घरी राहायची.

"टेक्या, बापाच्या बरगड्या मोडल्या मागच्या पाडव्याले. सांगतलं का तुले?"

"नाही. कशा?"

"कायले सांगन तो. गोऱ्हा उधळला, पाय देला. डाक्टर म्हणते पुन्हा झोपला तं हाड फुप्फुसात घुसन. अना हा म्हणते, झोपतोच."

"झोपू देऊ नको, आत्या."

"मंग काय त्याच्या छातीवर बसून राहू मी? तू ये ना बाप्पा. तू मोठा पोरगा. मान आता तुहा आहे. तू झोप, नाईतं त्याले आवर."

"आणि दोघंही नाही झोपलो तर?"

"तं मान दुसऱ्या घरात जाईन, अना तुहा बाप खाटेवर बसल्या बसल्या मरन. तुले कोणतं मरण पाह्यजे ते सांग."

टेकचंद आला. केशोराव अंगणात पळसाच्या मुळाचे धागे वळत बसला होता. श्वासाला शिट्टी लागत होती. त्याने मान वर केली नाही.

"आला का?"

"आलो."

"किती दिस?"

"पाडव्यापर्यंत."

"म्हणजे पाहुणा आहेस." थोडा वेळ धागा वळून तो म्हणाला, "तुह्या बाज्याचं नाव खुर आहे म्हणते पुष्पा."

"हो."

"कोणाचे खुर?"

"गाईंचे."

"तिथी गाई राहतेत का?"

"नाही. माणसं पाय आपटतात."

केशोरावचे हात थांबले. "माणसं," तो म्हणाला. "अना तू?"

"मी मधे बसून वाजवतो."

"बसून," केशोराव म्हणाला आणि पुन्हा धागा वळू लागला.

टेकचंदने विषय काढला तो पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी. आत्या चुलीवर वडे तळत होती. तो म्हणाला, "बाबा, यंदा कोणीच नको झोपायला. मी पाटलांशी बोलतो."

केशोराव उठला आणि त्याने टेकचंदच्या थोबाडीत मारली. वय झाले होते, पण गुरे आवरणाऱ्याचा हात होता. टेकचंदने झटकन तोंडावर हात धरला, मग दोन्ही हात काखेत घातले.

"पाह्यलं का वो पुष्पा," केशोराव म्हणाला. "पह्यले ओठ झाकला, मंग बोटं. डोळे नाई झाकले. डोळे फुटले तं चालते याले."

त्याने पुन्हा हात उगारला. या वेळी टेकचंदने मनगट धरले. आयुष्यात पहिल्यांदाच धरले. केशोरावने हिसडा दिला, टेकचंदने ढकलले, आणि म्हातारा भिंतीवर आदळून खाली बसला. खोकल्याची उबळ आली. थुंकला त्यात तांबडे होते.

पुष्पाबाई झारा घेऊन बाहेर आली. झाऱ्यातून तेल ठिबकत होते. "मारा. एकमेकाले मारूनच टाका. उद्या दोघाही बापलेकाले ढाली बांधून नाचवतो आमी." तिने झारा टेकचंदच्या छातीला टेकवला. सदरा चरचरला, तो ओरडून मागे सरला. "दुखलं का? पायावर चटका देऊ का, तिथी बासरी नाई लागत."

"मी झोपतो," टेकचंद म्हणाला.

पुष्पाबाईने झारा खाली घेतला.

"मीच झोपतो उद्या. बाबा, तुम्ही वाजवा."

केशोराव भिंतीला टेकून श्वास जमवत होता. जमल्यावर म्हणाला, "हात पोटाखाली घ्यायचे. हनुवटी छातीत. गाय आली म्हणून मान नाई उचलायची. मान उचलली का गाईले वाटते माणूस उठून राह्यला, मंग ते घाबरते." एवढे बोलून त्याने बहिणीकडे हात केला. "वडा दे."

सकाळी आखर भरले होते. परदेशात वाजवणारा गोवारी गाईंखाली झोपणार म्हणून गोंदियाहून एक टीव्हीवालाही आला होता. ढाली नाचून झाल्या, गाईंनी खिचडी खाल्ली. पण कळप छोटा दिसत होता. गावात ट्रॅक्टर आल्यापासून बैल गेले आणि बैलांबरोबर बऱ्याच गावरान गाईही बाजारात गेल्या. ही गोष्ट पुरनलाल पाटलांना खुपत होती. ते पोवार, गावातले मोठे जमीनदार, आणि आखरावर कळप भरलेला दिसावा ही त्यांच्या घराची जुनी हौस. त्यांच्या मुलाने, हेमेंद्रने, गोंदिया रस्त्यावर दुधाचा धंदा टाकला होता. त्याच्या शेडमधल्या काळ्यापांढऱ्या संकरित गाई, गाव त्यांना जर्सीच म्हणायचे, त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणल्या गेल्या. शिंगे नसल्यासारखीच होती, तरी त्यांना फुगे बांधले होते.

केशोराव बासरी घेऊन त्या गाईंभोवती एक फेरी मारून आला.

"पाटील, ह्या गाई माह्या नाईत. ह्या आखरावर कवा आल्या नाई. ह्याहीले माणसाचा वास माहीत नाई."

"अरे केशो, गाय ती गाय," पुरनलाल म्हणाले. "कळप दिसाले पाह्यजे ना. पाव्हणे आले आहेत."

"काका, ये तो और सीधी हैं," हेमेंद्र म्हणाला. "शेडमध्ये बांधलेली राहतात. आजतक किसीको लात नहीं मारी."

"बांधलेली आहे म्हणून नाई मारत."

"तो क्या करना है? नहीं करना क्या? आपका लडका डर रहा है तो बोलो, हम समझेंगे." आजूबाजूचे हसले.

केशोरावने तिथेच नाही म्हणायला हवे होते. गाईंचे त्याला जेवढे कळत होते तेवढे त्या आखरावर कोणाला कळत नव्हते. पण ज्या वर्षी पोरगा परदेशातून आला त्याच वर्षी नेवाऱ्यांनी गाईंचे निमित्त काढले, असे गाव म्हणाले असते. तो मागे फिरला आणि टेकचंदला म्हणाला, "झोप."

टेकचंद झोपला. हात पोटाखाली, हनुवटी छातीत. तोंडाजवळ शेण, धूळ आणि तुडवलेली झेंडूची फुले. मागे केशोरावची चाल सुरू झाली. श्वास तुटत होता, पण चाल तीच. मग खुर. हा आवाज त्याने कितीतरी मंचांवर ऐकला होता, आपल्याभोवती मागून पुढून येताना. तिथे तो कानात यायचा. इथे तो जमिनीतून पोटात आला. पोटाखाली घेतलेल्या बोटांना प्रत्येक पाय वेगळा लागला. हलके पाय कुठले, ते त्याला कळले. आणि त्यांच्यामागे काही जड, घसरणारे, अडखळणारे पाय होते तेही कळले.

त्याने मान उचलली. गल्लीच्या तोंडाशी लोकांनी काठ्या आडव्या धरून गाई अडवल्या होत्या. तांबड्या गाईच्या मागे एक जर्सी डोळे पांढरे करून मान झटकत होती. तिच्या जबड्यातून लाळेची तार लोंबत होती.

टेकचंद उठला आणि भिंतीला जाऊन लागला.

मग कोणीतरी म्हणाले, "उठला गा." हसू पसरले. "विमानात झोपते तो, मातीत कायले झोपन." टीव्हीवाल्याने कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

केशोराव कळपामागून पुढे चालत आला. त्याने टेकचंदच्या तोंडाकडे पाहिले नाही. बासरी त्याच्या हातात दिली, टोपी काढून खिशात ठेवली आणि पोराने ज्या जागी धूळ सारली होती त्याच जागी पालथा झोपला.

"बाबा, उठा."

"वाजव," केशोराव मातीत बोलला.

टेकचंदने वाजवले. दुसरे काय करायचे ते त्याला सुचले नाही. गाय चालते तेवढेच वाजवले. काठ्या बाजूला झाल्या. तांबडी गाय पुढे आली, तिने केशोरावची मान हुंगली आणि पाय मोजून टाकावा तसा टाकत पलीकडे गेली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. एका वासराने उडी मारली. लोक जयजयकार करू लागले. टेकचंदचा सूर कापत नव्हता.

जर्सी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पुढे काहीतरी पडलेले आहे एवढेच तिला दिसत होते. मागून कोणी तिची शेपटी पिरगळली. त्याच वेळी पाटलांच्या दाराशी कोणी फटाक्यांची लड लावली.

ती उडी मारून आली आणि पुढच्या दोन्ही पायांनी केशोरावच्या पाठीवर उतरली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ती घसरली, त्याच्यावरच गुडघ्यांवर बसली, धडपडत उठली. मागच्या गाई तिच्यावर रेटल्या. गल्ली अरुंद. पुढे फटाके, मागे माणसे. बिनशिंगी डोकी एकमेकांत घुसली आणि कळप तिथेच फिरू लागला, केशोरावच्या अंगावर. मागची माणसे गाई निघाव्यात म्हणून त्यांना काठ्यांनी मारत होती आणि प्रत्येक काठीला कळप आणखी आत दाबला जात होता. टेकचंद वाजवत होता. ती चाल आता त्यालाही ऐकू येत नव्हती. पायांच्या मधून त्याला बापाचा एक हात दिसला. तो उघडला, मिटला, आणि एक खुर त्यावर पडला.

मग त्याने ओठ भोकावर दाबला आणि घशातून ओरडत फुंकले.

'खुर'मधली ती किंकाळी मोठ्या सभागृहातही लोकांना खुर्चीत मागे ढकलायची. या गल्लीत ती दोन भिंतींमधून आली. गाईंनी ती कधी ऐकली नव्हती. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि सगळा कळप त्या आवाजापासून दूर, उलट्या दिशेने फुटला, सरळ आखरावरच्या माणसांत. ढाली कोसळल्या. टीव्हीवाल्याचा कॅमेरा पायांखाली गेला. हेमेंद्रला त्याच्याच गाईने उडवले, तो मांडी दगडावर आपटून पडला आणि ओरडू लागला. एक म्हातारी विहिरीच्या कठड्यावर आपटली. टेकचंद फुंकतच होता. ओठातून रक्त बासरीवरून मनगटापर्यंत ओघळले तेव्हा गल्ली मोकळी झाली होती आणि केशोराव धुळीत पडला होता.

त्या किंकाळीने केशोराव वाचला की तिच्यामुळे जास्त चेंदला, यावर गावात अजून दोन मते आहेत. कोणते खरे ते सांगणे अवघड आहे. त्या क्षणी मात्र गावात एकच मत होते.

"यानंच बुजवले ढोरं."

"आधी उठला, मंग बापाले मारलं."

टेकचंद बापापाशी बसला होता. त्याने उजवा हात केशोरावच्या मानेखाली घालून डोके मातीतून उचलले होते आणि डावा जमिनीवर टेकवला होता. पहिली काठी पाठीवर बसली. दुसरी त्या डाव्या हातावर. मारणारे सगळे परके नव्हते. दोघे-तिघे गोवारीच होते, ढालीचे मोडलेले बांबू घेऊन आले होते. उजवा हात सोडला असता तर डावा काखेत घेता आला असता. पण उजव्या हातात डोके होते, आणि केशोरावच्या नाकातोंडातून फेस येत होता. पुन्हा काठी बसली. बोटे जमिनीवर पसरलेली होती, त्यांवर एक टाच पडली आणि फिरली.

पुष्पाबाई खिचडीचे पातेले घेऊन घुसली. तिने ते एकाच्या डोक्यात घातले, तो खिचडीसकट खाली बसला. मग तिने त्याच पातेल्याने दुसऱ्याचे तोंड फोडले. "मारा ना," ती ओरडत नव्हती, दम लागल्यासारखी बोलत होती. "मारा. माह्यासारखी म्हातारी पाह्यजे तुमाले मारायले. या."

लोक मागे झाले. पुरनलाल पाटलांनी जीप काढली.

गोंदियाच्या दवाखान्यात केशोरावच्या छातीत नळी घातली. चार बरगड्या, एक फुप्फुस, उजवा पंजा. टेकचंदच्या ओठाला टाके पडले. डाव्या हाताची तीन बोटे मोडली होती, त्यांतल्या एकाचे हाड चुरले होते. तरुण डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. "काय करता तुम्ही?"

"बासरी."

डॉक्टरने एक्स-रे पुन्हा पाहिला. "दुसरं काही येतं का?" त्याने हे वाईट हेतूने विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस हवालदार जबाब घ्यायला आला. केशोराव खाटेवर होता, टेकचंद बाजूला खुर्चीत, हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला. बाहेर व्हरांड्यात पुरनलाल पाटील आणि गावची बरीच माणसे उभी होती. ती कालपासून तिथेच होती. दार उघडे होते.

"म्हाताऱ्याचं समजलं," हवालदार म्हणाला. "तुमच्या हाताले काय झालं?"

टेकचंदने दाराकडे पाहिले. त्याला चेहरे आठवत होते. नावेही माहीत होती.

"गल्लीत," तो म्हणाला. टाक्यांमुळे नीट बोलता येत नव्हते. "मी बाबांपाशी बसलो होतो तेव्हा..."

"गाईनं पाय देला," केशोराव म्हणाला.

हवालदाराने वळून पाहिले. "तुमच्यावर देला, ते लिहिलं."

"त्याच्यावर देला." नळीतून हवा बुडबुडली. "मान त्याचा होता. तो खाली झोपला होता. ढोरं बुजली. मी काढाले गेलो तं मी बी खाली गेलो."

बाहेरची कुजबुज थांबली. हवालदाराने टेकचंदच्या दंडावरचे, मानेवरचे लांब वळ पाहिले. तो याच जिल्ह्यातला होता, गाईचा खुर केवढा असतो त्याला माहीत होते.

"असं का?" त्याने टेकचंदला विचारले.

टेकचंद बापाकडे पाहत राहिला. बाप छताकडे पाहत होता.

"हो," टेकचंद म्हणाला.

"कोणाची गाय?"

"गावची."

हवालदाराने लिहिले, सही घेतली, टोपी घातली आणि गेला. जाताना त्याने दार ओढून घेतले.

"बाबा, मी उठलो होतो. सगळ्या गावानं पाहिलं."

"पाह्यलं. आता बोलन का कोणी?"

टेकचंदला समजायला वेळ लागला.

"तू उठला म्हणन तो," केशोराव एकेक शब्द सुटा काढत म्हणाला, "त्याले हेही सांगा लागन का बोटं कोणी मोडली. नाई बोलत आता कोणी. तू झोपला होता. मान घरात राह्यला."

"माझा हात देऊन टाकलात तुम्ही."

"हात गेला होता."

"मी त्यांना सोडणार नव्हतो. मला विचारायचं तरी होतं."

केशोरावने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. कालपासून पहिल्यांदाच पाहिले.

"तू उठला तवा मले विचारलं होतं का?"

टेकचंदने दार उघडले. व्हरांड्यातली माणसे बाजूला सरली. त्यांतल्या एका गोवाऱ्याने पुढे येऊन, वाकून, त्याच्या पायांना हात लावला. पहिली काठी त्याची होती.